मोठ्या वळणावरची मुकादमबाई

माझ्या सासूबाई गाडीत माझ्या शेजारी बसल्या की गाडीला दोन ब्रेक होतात. एक माझ्या पायाखाली, दुसरा त्यांच्या. त्यांच्या बाजूला पेडल नाही ही किरकोळ बाब. समोरच्या ट्रकचा मागचा दिवा लाल झाला की त्यांचा उजवा पाय रबरी चटईत रुततो आणि त्या शांतपणे म्हणतात, "जावईबापू, जरा हळू घ्या." लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मी मनातल्या मनात त्यांना घाबरट ठरवून मोकळा झालो होतो.

ही घाबरट बाई तेव्हा एकोणतीस वर्षं हायवेच्या कडेला उभी होती. सुरुवात झेंडा दाखवण्यापासून झाली. काम चालू असलेल्या जागी दिवसभर लाल-हिरवा झेंडा धरून उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या. पुढे खड्डे, मग गटारं, मग कठडे, आणि शेवटी मुकादम. रस्तेखात्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. मुकादमबाई म्हटलं की शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना कळतं. टोळी त्यांच्यासकट सात जणांची. वाकलेला कठडा सरळ करणं, फुटलेल्या टायरची लक्तरं उचलणं, मोडलेले खांब बदलणं, ही त्यांची रोजची कामं. आणि ही सगळी कामं बाजूने ट्रक धडधडत असताना करायची.

घरी आल्या की त्या दाराबाहेरच बूट काढतात, नारिंगी जाकीट बाल्कनीत झटकतात आणि मोरीत जाऊन कानामागून काळी धूळ निघेपर्यंत मान घासतात. मग तासभर कुणाशी बोलत नाहीत. दिवसभर ओरडून आवाजाचा कोटा संपलेला असतो. माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लहानपणापासून हे बघत आलेली. ती म्हणते, "आई तासाभराने बोलायला लागली की घर भरल्यासारखं वाटतं." मला सुरुवातीला तो तास फार आवडायचा, हे मी इथे कबूल करून टाकतो.

आता माझं. मी ऑफिसांतली झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. आमच्या शहरातून शेजारच्या शहरात रोज जाणं-येणं. हायवे सरळ आहे, वेगमर्यादा एकशेवीस. फक्त मध्ये टेकड्यांच्या पायथ्याशी आठ किलोमीटरचा पट्टा असा आहे की तिथे पाच वळणं लागतात आणि मर्यादा शंभरवर येते. त्यातलं तिसरं, सगळ्यात लांब, ते मोठं वळण. तिथे पाटी दिसली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एवढा रुंद रस्ता, एवढी चांगली गाडी, आणि सरकार म्हणतं हळू चल. वाहतूकदारांच्या संघटनेने पट्ट्याची मर्यादा एकशेवीस करा असा अर्ज काढला तेव्हा मी पेट्रोल पंपावर रांगेत उभा राहून त्यावर सही केली आणि फुशारकीने घरी सांगितलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आठ किलोमीटरला किती वाचेल हो तुमचं?"

मी मोबाइलवर हिशेब केला. "अठ्ठेचाळीस सेकंद."

"अठ्ठेचाळीस सेकंद तर तुम्ही चहावर फुंकर मारता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. बायको इतकी हसली की मला स्वयंपाकघरातून काढता पाय घ्यावा लागला.

पण ही थट्टा तिथेच संपली नाही. संघटनेचा अर्ज पुढे सरकला. एका सर्वेक्षण कंपनीने मोठ्या वळणावर उंचावरून कॅमेरा लावून गाड्यांचा वेग मोजला, अहवाल आला आणि जाहीर सुनावणीची तारीख लागली. अहवाल सगळ्यांना वाचायला खुला होता. मी एका ग्राहकाच्या मशीनवर चाचणीच्या नावाखाली त्याची एक प्रत काढली आणि विजयी मुद्रेने सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"वाचा," मी म्हटलं. "लोक मोठ्या वळणावर आत्ताच एकशेवीसने जातात. आणि चौदा वर्षांत तिथे एकही मोठा अपघात नाही. म्हणजे एकशेवीसला काही होत नाही, हे सिद्धच झालं. ती पाटी नुसती लोकांना गुन्हेगार ठरवायला लावलेली आहे."

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. त्या म्हणाल्या, "एकशेवीसने जातात? मोठ्या वळणावर?" आणि चष्मा शोधायला उठल्या.

त्यांचं वाचन सावकाश. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मी तोवर जेवलो, बातम्या बघितल्या. त्यांचं बोट नवव्या पानावर थांबलं ते तिथेच राहिलं. त्या पानावर वळणाचा फोटो होता. रस्त्याच्या कडेला कमरेएवढे पांढरे खांब असतात ना, डोक्यावर चमकती लाल पट्टी असलेले, ते फोटोत ओळीने दिसत होते. वेग मोजायची रीत खाली दिली होती. दोन खांबांमध्ये पन्नास मीटर. गाडीने दहा अंतरं, म्हणजे पाचशे मीटर, पार करायला किती वेळ घेतला ते फिल्मवर बघायचं. बहुतेक गाड्यांना पंधरा सेकंद लागले. पंधरा सेकंदांत पाचशे मीटर म्हणजे ताशी एकशेवीस.

"हे पन्नास कुणी मोजलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? नकाशात आहे."

"नकाशात आहे. जमिनीत नाही."

मला वाटलं त्या हट्टाला पेटल्या आहेत. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी लेकीला हाक मारली, दोघांना समोर बसवलं आणि जे चौदा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

मोठ्या वळणाचे खांब त्यांच्याच टोळीने पुरले होते. नकाशात सरळ लिहिलं होतं, पन्नास मीटरवर एक, एकूण पंचवीस. त्यांनी खुणा केल्या, त्यांवर खांब नुसते उभे केले आणि संध्याकाळी ट्रकच्या केबिनमध्ये बसून एकदा वळण घेऊन बघितलं. दिवे लागलेले, धुकं उतरायला लागलेलं. एक खांब मागे गेला की पुढचा खडकाआड. मधल्या क्षणभर रस्ता सरळच चालला आहे असं वाटायचं. ड्रायव्हर सरळ गेला असता तर खाली ओढा. त्यांनी खांब सरकवत सरकवत बघितलं. चाळीस मीटरवर पुढचा खांब वेळेत दिसायला लागला. त्या भागाचे इंजिनिअर आठवडाभर रजेवर होते आणि काम थांबवायचं नाही असा वरून हुकूम होता. गोदामात दुसऱ्या कामाचे सहा खांब उरले होते. त्यांनी ते घेतले, सगळे चाळीसवर पुरले आणि कागदावर एवढंच लिहिलं की खांब पुरले. किती, ते लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही. पुढे खांब मोडला की तो त्याच खड्ड्यात बदलायचा, म्हणून अंतरही कधी बदललं नाही.

"म्हणजे पंधरा सेकंदांत चारशेच मीटर," मी म्हटलं आणि पुन्हा मोबाइल काढला. आकडा आला शहाण्णव. लोक तिथे एकशेवीसने जात नव्हते. शंभरच्या आतच जात होते, आणि म्हणून चौदा वर्षांत काही झालं नव्हतं. त्या अहवालावरून मर्यादा वाढली असती तर जे कधीच घडत नव्हतं तेच सुरक्षित म्हणून ठरलं असतं. मी सही केलेल्या अर्जाची मला लाज वाटली. सरळ सांगतो, फार वाटली.

"आई, तू हे बाहेर कुठे बोलणार नाहीस," बायको म्हणाली. "नकाशा मोडलास, वरून चौदा वर्षं लपवलंस. वर्ष राहिलंय निवृत्तीला. चौकशी लावतील."

"लावू देत."

"आई."

"अगं, पुढच्या महिन्यात मोठ्या वळणाचा सगळा कठडा बदलायला घेतोय आम्ही. सात महिन्यांचं काम. नटबोल्ट आवळायला माणसाला रस्त्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसावं लागतं. माझी सहा माणसं सात महिने पाठ करून बसणार. त्यांच्या पाठीमागून शंभर जाणार की एकशेवीस, हे त्या सुनावणीत ठरणार आहे. मी गप्प बसू?"

बायकोने उठून आईचं नारिंगी जाकीट बाल्कनीतून आणलं आणि धुवायला टाकलं.

सुनावणी सकाळी अकराला नगर सभागृहात होती. चारशे खुर्च्या, त्याही पुरल्या नाहीत. मागे भिंतीला टेकून ड्रायव्हर उभे होते. मंचावर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी रस्तेखात्याचे मोठे साहेब, आणि कडेला लॅपटॉप घेऊन सर्वेक्षण कंपनीचा इंजिनिअर. पोरगेला दिसणारा, चष्मेवाला, आवाज इतका हळू की दोनदा माईक वर करावा लागला. पण काम चोख होतं त्याचं. त्याने मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवली, गाड्या दाखवल्या, तक्ते दाखवले. मग वाहतूकदारांचे सेक्रेटरी उठले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाले, "लोक ज्या वेगाने बिनधोक जातात तोच वेग कायद्याने मान्य करा, एवढंच मागणं आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. आठवड्यापूर्वी मीही वाजवल्या असत्या.

प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं होती. मुकादमबाईंची पाळी सतरावी. घरातून निघाल्यापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. आमच्याकडे पुरावा काहीच नव्हता. नकाशा त्यांच्या बाजूने, फाइल त्यांच्या बाजूने, आणि आमच्या बाजूने एका बाईचा शब्द. मी सासूबाईंना तसं म्हटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बघू."

त्या उठल्या, धुतलेलं जाकीट अंगात चढवलं आणि माईकपाशी गेल्या. माईक त्यांना लागतच नव्हता.

"मी रस्तेखात्याची मुकादम. मोठ्या वळणाचे खांब माझ्या टोळीने पुरलेत. तुम्ही दोन खांबांत पन्नास मीटर धरलेत. तिथे चाळीस आहेत."

मोठ्या साहेबांनी फाइल उघडली. "बाई, नकाशात पन्नास आहे."

"हो साहेब. नकाशा मी मोडला."

मोठे साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग सासूबाईंनी धुकं, खडक, गोदामातले सहा खांब, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. रजेवर गेलेल्या इंजिनिअरवरही ढकललं नाही. दोन मिनिटांत झालं.

सेक्रेटरी उभे राहिले. आवाज सौम्यच. "बाईंबद्दल मला आदर आहे. पण चौदा वर्षांनी, नेमकं आज, हे सांगायचं? याला कागद काय?"

"कागद नाही," सासूबाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. माझ्या शेजारी बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"कागद नाही, पण फिल्म आहे ना?" सासूबाईंनी चष्मेवाल्या इंजिनिअरकडे बघितलं. "नकाशात मोठ्या वळणाला पंचवीस खांब आहेत. पहिल्यावर पिवळा पट्टा आहे, शेवटच्यावरही आहे. तुमचीच फिल्म लावा आणि मोजा. पंचवीस भरले तर मी खोटी."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. इंजिनिअरने फिल्म लावली. वळणाच्या एका टोकाला, पिवळ्या पट्ट्याच्या खांबावर त्याने पडद्यावरचा बाण ठेवला आणि पुटपुटला, "एक." पुढच्यावर, "दोन." आवाज नेहमीसारखाच हळू. मागून कुणीतरी ओरडलं, "जोरात." मग पुढच्या रांगेतला एक ट्रक ड्रायव्हर स्वतःच मोजायला लागला. दहापर्यंत पन्नासएक माणसं त्याच्याबरोबर मोजत होती. पंधरापर्यंत निम्मं सभागृह. मीही मोजत होतो. खरंच पंचवीस निघाले तर?

"तेवीस. चोवीस. पंचवीस."

बाण पंचविसाव्या खांबावर आला. त्याच्यावर पिवळा पट्टा नव्हता. पुढे रस्ता अजून वळतच होता आणि पुढे खांब दिसत होते.

"सव्वीस," चारशे माणसं एकदम म्हणाली. "सत्तावीस. अठ्ठावीस." लोक उठून उभे राहिले. भिंतीला टेकलेले ड्रायव्हर पुढे सरकले. "एकोणतीस. तीस." आणि मग पिवळा पट्टा असलेला शेवटचा खांब. "एकतीस."

त्या क्षणी जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. टाळ्या म्हणू, आरोळ्या म्हणू, खुर्च्यांचा खडखडाट म्हणू, सगळं एकत्र. बायको रडत होती आणि मी तिला गप्प करायचं सोडून स्वतःच नाक ओढत होतो. माईकपाशी मुकादमबाई झेंडा धरल्यासारख्या ताठ उभ्या होत्या.

चष्मेवाल्याने तोवर हिशेब मांडला होता. त्याने माईक हातात घेतला आणि या खेपेला सगळ्यांना ऐकू आलं. "माझी चूक झाली. मी नकाशा बघितला, खांब मोजले नाहीत. खरा वेग शहाण्णव आहे." मग जरा थांबून तो सासूबाईंना म्हणाला, "आणि बाई, खांब दाट असले की माणसाला आपण फार वेगात आहोत असं वाटतं. पाय आपोआप सैल पडतो. त्या वळणावर लोक शंभरच्या आत का राहतात, हे मला आत्ता कळलं."

"मला ते माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला फक्त पुढचा खांब दिसायला हवा होता."

सेक्रेटरी पुन्हा उठले. मला वाटलं आता काहीतरी फाटे फोडणार. पण गडी सच्चा निघाला. म्हणाला, "आमचेच ड्रायव्हर त्या ओढ्यात पडायचे राहिले असं दिसतंय. अर्ज मागे घेतो." आणि खाली बसला. त्याला मिळालेल्या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या.

मंचावरची मंडळी आत जाऊन दहा मिनिटांत परत आली. अध्यक्षांनी वाचून दाखवलं. पाचही वळणांच्या पट्ट्यावर मर्यादा शंभरच राहील. कठड्याचं काम चालू असेपर्यंत मोठ्या वळणावर साठ, आणि त्यावर पोलिसांची गाडी उभी. मग मोठे साहेब उभे राहिले.

"नकाशा मोडल्याबद्दल मुकादमबाईंना ताकीद द्यावी लागेल," ते म्हणाले. मागे कुरकुर सुरू झाली. त्यांनी हात वर केला. "ताकीद दिली. झालं. आता दुसरं. उद्यापासून वळणांच्या खांबांचा नकाशा बदलतोय. पन्नास नाही, चाळीस."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आणखी काही म्हणायचंय?"

दुसरं कुणी असतं तर आभार मानून खाली बसलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "हो. बाकीच्या चार वळणांवर अजून पन्नासच आहे. तिथून मी माझ्या हाताने चुरडलेल्या गाड्या ओढून काढल्यात. तेव्हा गोदामात खांब उरले नव्हते, आणि दुसऱ्यांदा नकाशा मोडायची माझी छाती झाली नाही. आता खांब द्या. कठड्याला हात लावायच्या आधी ते पुरते."

"किती लागतील?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सव्वीस. मोजून आलेय."

परत येताना त्या गाडीत फार खुशीत होत्या आणि ती खुशी लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. लेकीला दोनदा विचारलं, "लोक सव्वीस म्हणाले तेव्हा किती जोरात म्हणाले गं?" तो तासाभराचा मौनाचा नियम त्या दिवशी साफ मोडला. घरी पोचल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना, दूधवाल्याला, फोनवर टोळीतल्या एकेकाला, सगळ्यांना पहिल्यापासून सांगून झालं. आवाज बसला तरी थांबल्या नाहीत.

खांब दहा दिवसांत आले आणि चारही वळणांवर लागले. त्यानंतर कठड्याचं काम सुरू झालं आणि ठरल्याप्रमाणे सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत मोठ्या वळणावरून लाखो गाड्या गेल्या असतील. त्यात मीही रोज दोनदा होतो, साठने, आणि कडेला गुडघ्यावर बसलेल्या सहा पाठी मला दर वेळी दिसायच्या. शेवटचा नट आवळला त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना घ्यायला तिथे गेलो होतो. टोळीने अवजारं गोळा केली आणि एकेक जण ट्रकवर चढायला लागला. सासूबाई फळीपाशी उभ्या राहून प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत मोठ्याने मोजत होत्या. सहा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सात. सगळे आलो."